ऊन वाटणारे बिराजदार अण्णा

बिराजदार अण्णांनी माझ्या नव्या स्कूटरचा पहिल्याच दिवशी अपमान केला. आणि मी अपमान गिळून गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीलासुद्धा ठाऊक आहे.

दसऱ्याचा दिवस होता. गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, नारळ, सगळं यथासांग झालं होतं. दिवसभर मी त्या इलेक्ट्रिक स्कूटरवरून अख्ख्या सोलापूरला आपट्याची पानं वाटत फिरले. जुळे सोलापूरला नणंद, बाळे गावात मावशी, विजापूर रोडला शाळेतल्या मैत्रिणी. खरं सांगायचं तर पानं निमित्ताला, गाडी दाखवायची होती. संध्याकाळी सातच्या सुमाराला परत आले, पार्किंगमध्ये चार्जिंगची वायर लावली, आणि मागून आवाज आला.

"नवी का, बाई?"

प्लास्टिकच्या खुर्चीवर अण्णा बसलेले. तळमजल्यावर राहायला येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. मी शाळामास्तरीण, म्हणून सगळी सोसायटी मला बाई म्हणते, त्यांनीही ते उचललं होतं.

"हो, नवी!" मी पदर सावरत म्हटलं. "पेट्रोल नाही, आवाज नाही, धूर नाही."

अण्णा उठले. गाडीच्या मागे गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि नीट बघून म्हणाले, "धूर हाय की."

"कुठाय धूर?"

"सायलेन्सर लई लांब हाय हिचा, म्हणून दिसंना तुमाला. मी तितंच होतो की ओ, एकतीस वर्सं."

सणाच्या दिवशी कुणाच्या नव्या गाडीला नावं ठेवावीत का? मी म्हटलं, "अण्णा, हार तरी वाळू द्या हो!" आणि तणतणत वर गेले. वायर तशीच ठेवली. मुद्दाम ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी साडेबाराला शाळेतून आले, तर अण्णा पार्किंगमध्ये उभे. रागावलेले वगैरे काही नाहीत. म्हणाले, "काल गाडीत किती हुतं, वायर लावली तवा?"

"चाळीस टक्के."

"आन् शाळा किती लांब?"

"चार किलोमीटर."

"म्हंजे भूक न्हवतीच तिला. उगी संध्याकाळी खायला कशाला घातलं? लावायची तर अशी दुपारची लावा. आता ऊन हाय."

माणूस वेडा आहे, असं माझं त्या क्षणी पक्कं मत झालं. ते बदलायला मला बरेच दिवस लागले.

अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही. नोकरी सगळी मराठवाड्यातल्या एका औष्णिक वीज केंद्रात, बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये. उंच, काटक माणूस, कपाळावर विभूतीची तीन बोटं, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. कुठल्याही यंत्राला ते आधी हाताची मागची बाजू लावून बघायचे. पाण्याची मोटार, लिफ्टचं दार, माझा मिक्सर. आई पोराचा ताप बघते ना, तस्सं. जेवायला बसवलं तर एक कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी, आणि दुसरी भाकरी ताटाकडे यायला लागली की तळहात आडवा. "साकु." म्हणजे पुरे. गाड्यांनाही तोच नियम. ऐंशी टक्के झाले की अण्णा वायर काढून टाकायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "शंभर भरून कुटं दिल्लीला जायचंय? साकु."

लाईट गेली की आमच्याकडे बाराही फ्लॅटमधून एकदम आरडाओरडा सुरू होतो. वीज कार्यालयाला फोन लावून शिव्या घालायला मी तर सगळ्यात पुढे. अण्णा फोन खाली ठेवायला लावायचे. "थांबा वो. तिकडं कुनीतरी बिचारा आत्ता जिवाच्या आकांतानं पळत आसंल. त्येला दम घिऊ द्या की." इतकी वर्षं मला वाटायचं की लाईट जाते ती आपल्याला छळायला. तिच्यामागे धावणारा माणूस असतो, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्यांचा सगळ्यात विचित्र प्रकार संध्याकाळचा. साडेसहा वाजले की माणूस अस्वस्थ व्हायचा. खुर्चीवरून उठायचा, पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकाला फेऱ्या मारायचा. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. गोऱ्यापान, ठेंगण्या, बोलताना मध्येच श्वास घ्यायला थांबणाऱ्या. त्या खिडकीतून म्हणायच्या, "ह्यांना साडेसहाला कळ येती बघा. बाळंतिणीसारखी."

एकदा मीच विचारलं, अण्णा, संध्याकाळी तुम्हाला होतं तरी काय? तेव्हा त्यांनी बसवून सांगितलं. दिवेलागण झाली की गावोगाव एकदम बटणं दाबली जातात. दिवे, टीव्ही, मिक्सर, कूलर. नेमका त्याच वेळेला सूर्य मावळलेला. त्यांच्या खोलीत वरून फोन यायचा, लोड वाढवा. की अण्णा कोळसा दळायची आणखी एक चक्की सुरू करायला सांगायचे. एवढाली चक्की, घराएवढी. तिच्यातून पिठासारखा कोळसा बॉयलरमध्ये जायचा.

"तुमी तिकडं देवापुढं दिवा लावून हात जोडायचा," ते म्हणाले, "आन् मी हिकडं चक्की चालू करायची. रोज. सुट्टी न्हाय, सण न्हाय. दिवाळीला तर दोन चक्क्या."

"पण अण्णा, ते तुमचं कामच होतं."

"व्हय, कामच हुतं. चांगलं केलं. एक दिवस अंधार पडू दिला न्हाय." मग आत खिडकीकडे बघत आवाज खाली आणला. "हिच्या छातीत बसलंय न्हवं, ते मीच जाळलेलं हाय, बाई."

खिडकीतून लगेच उत्तर आलं. "काय तर सांगत बसत्यात! माझ्या आईला दमा हुता, आजीला हुता. डॉक्टर म्हनत्यात घराण्यातला हाय. ह्यांचं आपलं कोळसा आन् कोळसा!"

अण्णा हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला स्वच्छ सांगितलं की उरलेल्या आयुष्यात त्यांना एकच काम करायचं आहे. या बिल्डिंगमध्ये दिवेलागणीला एकही गाडी चार्जिंगला लागू द्यायची नाही. जग बदलायचं नाही, सोलापूरही नाही. ही एक बिल्डिंग. "एकतीस वर्सं लोड वाढवला. आता येवडासा कमी करू द्या की मला," म्हणाले. सत्तरीचा माणूस शाळेतल्या पोरासारखा परवानगी मागत होता, आणि तीही माझ्याकडे. मला गलबलून आलं. अर्थात तसं दाखवलं नाही. "बघू," म्हटलं.

आता त्यांचं दुपारचं शास्त्र सांगते, कारण ते मला पंचवीस वेळा ऐकावं लागलं आहे. मंगळवेढ्याकडे, करमाळ्याकडे माळावर आता सौरऊर्जेच्या काचा पसरल्यात. दुपारी त्यातून वीज येते ती उन्हाची. कोळसा तेव्हाही जळतोच, अण्णा खोटं कधी बोलले नाहीत, पण कमी जळतो. ऊन साठवून ठेवायला पुरेशी जागा नाही. तुमच्या गाडीची बॅटरी हीच जागा. दुपारी भरून घ्या, संध्याकाळी त्या उन्हावर गाडी पळवा. तीच गाडी, तीच वायर, तेवढीच वीज. फक्त वेळ बदलली की लांबच्या त्या धुरांड्यातून धूर कमी.

"पण दुपारी माणसं कामावर असतात ना, अण्णा!" मी म्हटलं.

"पुण्यामुंबईची आसतील. सोलापूरची घरी झोपलेली आसत्यात."

घ्या! पण खोटं काय होतं त्यात? आमचं गाव दुपारी एक ते चार शटर ओढून झोपतं. बाहेरगावचे लोक यावरून आमची टिंगल करतात, आम्हीही ती मान खाली घालून ऐकतो. अण्णांनी पहिल्यांदा त्या झोपेचा काहीतरी उपयोग काढला. आमचे चेअरमन क्षीरसागर यांचं चादरींचं दुकान. बाराला बंद करून घरी, चारपर्यंत घोरत. माझी शाळा सकाळची. दुसऱ्या मजल्यावरची रेहाना नर्स. घरोघर जाऊन इंजेक्शनं, ड्रेसिंग, सलाईन. तिची सकाळची फेरी बाराला संपायची, संध्याकाळची पाचला सुरू. म्हणजे गाड्या दुपारी पार्किंगमध्ये आयत्या उभ्या. पण सवय पडलेली, घरी परतलो की रात्रीसाठी वायर टोचायची, मोबाईलला टोचतो तशी, आणि सकाळपर्यंत विसरायचं.

ती सवय अण्णांनी कशी मोडली? ओरडून. अक्षरशः ओरडून. रोज दुपारी साडेबाराला जिन्याच्या तोंडाशी उभे राहून भाजीवाल्याच्या चालीत हाळी द्यायचे, "ऊन आलंय ओ, ऊन!" पहिल्या दिवशी मी खिडकीतून विचारलं, "कसं दिलं, अण्णा?" खालून उत्तर, "फुकट हाय, बाई! घिऊन जावा!" क्षीरसागर लुंगीवर बाहेर येऊन म्हणाले, "अर्धा किलो द्या, ताजं असलं तर." सगळा जिना हसला. पण हसत हसत लोक चाव्या घेऊन खाली यायला लागले. महिना-दीड महिन्यात अशी अवस्था झाली की संध्याकाळी सातला पार्किंगमध्ये एकही वायर लटकत नसे. अण्णांच्या फेऱ्या थांबल्या नाहीत, पण आता ते फेऱ्या मारताना गुणगुणायचे. बसवण्णांची वचनं, बेसूर.

आणि मग गेल्या वर्षीचा मे महिना आला.

सोलापूरचा मे कुणाला समजावून सांगायची सोय नाही. नळाचं पाणी हात भाजतं एवढं सांगते. एका दुपारी रेहाना सैफुल भागातली फेरी संपवून आली. तिची गाडी जुनी, कुणाकडून तरी घेतलेली, स्वस्तातली. घामानं निथळत ती वर गेली आणि चावी अण्णांकडे दिली, रोजच्यासारखी. अण्णांनी गाडी पत्र्याच्या शेडखाली घेतली आणि आल्या आल्या वायर लावली. एक मिनिट ऊन वाया जाऊ नये हा त्यांचा हट्ट. हाताची मागची बाजू सगळ्या जगाला लावणारा माणूस, त्या दिवशी बॅटरीला लावायला विसरला.

अर्ध्या तासानं वास सुटला. जळक्या प्लास्टिकचा, उग्र. मी खाली धावले तेव्हा सीटखालून धूर येत होता आणि अण्णांनी सॉकेटमधून वायर उपसून काढली होती. त्यांचा तळहात पोळला होता. क्षीरसागरांनी वाळूची बादली आणली. आग लागली नाही, देवाची कृपा. पण बॅटरी फुगून टम्म झालेली, गाडी कामातून गेली. रेहाना जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी तिला पाच घरं होती, त्यातल्या एका म्हाताऱ्याचं ड्रेसिंग चुकवून चालणारं नव्हतं.

मला काय झालं कोण जाणे. सगळ्यांसमोर मी अण्णांवर ओरडले. "तुमच्या त्या उन्हापायी पोरीच्या पोटावर पाय आला! कोळशाचं पाप फेडायचं तर स्वतःच्या गाडीवर फेडा, दुसऱ्याच्या नको!" त्यांच्याकडे गाडीच नव्हती. शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली, पण गेलेला शब्द काय परत येतो? अण्णा मागे वळले. घरात गेले. दार हळूच लावलं.

रविवारी क्षीरसागरांनी मीटिंग लावली. विषय एकच, दुपारचं चार्जिंग बंद. सगळ्यांनी पूर्वीसारखं संध्याकाळी सातनंतर, हवा थंड झाल्यावर लावायचं. अण्णा हाताला पट्टी बांधून आले, पण बसले नाहीत.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "बॉयलरपाशी जल्म काढला आन् उष्णतेलाच इसरलो. रानातनं आलेला बैल सोडला की लगेच पेंड टाकतो का आपण? आधी सावलीला बांधतो, दम खाऊ देतो. येवडं आमच्या गावात शेंबड्या पोराला कळतंय, आन् मला कळलं न्हाय. मला काय बोलायचं ते बोला. खुर्चीबी काडून टाका माझी हितनं. पण दुपार बंद करू नका. तिची काय चूक?"

क्षीरसागर कागद चाळत म्हणाले, "अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण उद्या कुणाचा जीव गेला तर?"

तेव्हा रेहाना उठली. जिचं नुकसान झालं तीच. "चेअरमनसाब, गाडी माझी होती ना? मग मी बोलते. गाडी जुनी होती, चार्जर लोकल होता, मला दुकानवाल्यानं सांगितलं होतं बदल म्हणून. मीच नक्को म्हटलं. सगळा गुन्हा अण्णांच्या डोक्यावर कायकू?" मग अण्णांकडे वळली. "आणि अण्णा, तुम्ही असं तोंड नका करू. गाडी गेली, मी तर हाय ना!"

ठरलं असं की एक महिना बघायचं. चांगला चार्जर नसेल तर प्लग नाही, आणि बाहेरून आलेली गाडी तासभर सावलीत थंड झाल्याशिवाय वायर नाही. अण्णांनी गावाकडून उसाचं पाचट आणवलं, पत्र्याच्या शेडवर हातभर जाड अंथरलं, त्यावर पोती. रोज सकाळी नळीनं भिजवायचे. आता तास थांबायचं म्हणजे दीड वाजता पुन्हा खाली उतरा, झोपमोड. आमच्या गावात एक वेळ जेवण मोडलेलं चालेल, पण दुपारची झोप नाही. तेव्हा अण्णांनीच सांगितलं, चाव्या खुंटीला लावा आणि झोपा, मी बघतो. सगळे झोपलेले असताना हा माणूस एकेका बॅटरीला हात लावून बघत शेडखाली बसलेला असायचा. त्या दिवसापासून ते स्वतः दुपारचे कधी झोपले नाहीत.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले. मला वाटलं, आता आपली उतरवणार. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हातानंच थांबवलं.

"बाई, सकाळी सात ते बारा तुमची गाडी शाळेत काय करती?"

"सुट्टीतले जादा वर्ग चालू आहेत ना, तेवढा वेळ उभी असते. काय करणार?"

"मग रेहाना तुमाला शाळेत सोडंल, आन् गाडी घिऊन फेरीला जाईल. बाराला घ्यायला यील. संध्याकाळी तर तुमी कुटं जातच न्हाय. तिची बॅटरी येस्तवर."

माझी नवी गाडी! जिला मी नवऱ्यालासुद्धा हात लावू देत नव्हते. पण मी ज्या तोंडानं ओरडले होते त्या तोंडानं नाही कशी म्हणणार? दोन महिने रेहानाच्या मागे बसून शाळेत गेले. ती गाडी चालवते म्हणजे खड्डे मोजत जाते. तरी सांगते, त्या दोन महिन्यांत मला मैत्रीण मिळाली. आणि एकाच गाडीत दोघींचं काम भागतं हे कळलं. अण्णा म्हणायचे, "ह्ये तर चार्जिंगपेक्षा भारी झालं. जी गाडी रस्त्यावर आलीच न्हाय, तिला धूरच न्हाय."

महिना संपला, कुणी पुन्हा मीटिंग लावली नाही. दुपार राहिली.

यंदा उन्हाळा लागला आणि अक्कांचा श्वास जास्तच अडखळायला लागला. वाक्य पुरं होईना. त्यांचा मुलगा मल्लिनाथ पुण्यात असतो. त्यानं ठरवलं की दोघांना कायमचं पुण्याला न्यायचं, तिथल्या छातीच्या डॉक्टरांची सकाळी नऊची वेळ घेतली. डॉक्टरांनी बजावलं, उन्हात प्रवास नको. म्हणून बेत असा की मल्लिनाथनं आदल्या दिवशी सकाळी अकराला यायचं, दुपारी गाडी चार्ज करायची आणि ऊन उतरल्यावर निघायचं. गाडी त्याचीही इलेक्ट्रिक, मोठी.

अण्णांनी सकाळीच शेड भिजवून ठेवली. आमच्या सगळ्या गाड्या बाजूला सारून एक जागा मोकळी ठेवली. अकरा वाजले, एक वाजला, चार वाजले. वाटेत कुठे ट्रक उलटला होता, तासन्‌तास रांगा. मल्लिनाथ पोचला तेव्हा पावणेसात झाले होते. गाडीत आठ टक्के. गावातला मोठा चार्जर नेमका दुरुस्तीला बंद. मोहोळच्या पुढे हायवेला एक चालू आहे, पण तिथपर्यंत पोचायला इथे दोन तास तरी वायर लावणं भाग होतं.

आम्ही काही जण निरोपाला खाली जमलेलो. मल्लिनाथनं डिकीतून वायर काढली आणि अण्णांच्या घरातला प्लग विचारला. अण्णा खुर्चीत बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. हालेनात.

"अप्पा, कुठं लावू?" त्यानं वडिलांना पुन्हा विचारलं.

अण्णांनी मान वळवून बघितलं. बाहेर रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते.

"सकाळी निघू की रे," ते शेवटी म्हणाले. पण त्यांनाही ठाऊक होतं, सकाळी निघून, वाटेत चार्जिंग करत नऊला पोचता येत नाही, आणि पुढची वेळ पंधरा दिवसांनी होती.

अक्का दाराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत मी त्यांना अण्णांची चेष्टा करतानाच ऐकलं होतं. त्या दिवशी चेष्टा नव्हती. कानडीत एकच शब्द म्हणाल्या, "हच्चरी." लावा.

अण्णा उठले. मुलाच्या हातातून वायर घेतली. दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही, स्वतः लावली, स्वतः बटण दाबलं. मग मीटरच्या फळीपुढे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बारा मीटर आहेत तिथे, प्रत्येकावर एक बारीक लाल ठिपका लुकलुकतो. वीज जास्त ओढली की भराभर, कमी ओढली की सावकाश. अण्णांच्या घराचा ठिपका थांबेचना. त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

मला ते बघवेना. मी वर पळाले. माझा कूलर बंद केला, टीव्ही, पंखे, दिवे, फ्रीज सोडून सगळं. मग क्षीरसागरांचं दार ठोकलं. निरोपासाठी ते दुकानातून नुकतेच आलेले, कूलरसमोर बनियनवर बसलेले.

"बंद करा सगळं!"

"काय झालं, बाई?"

"अण्णांनी गाडी लावलीय. आत्ता."

त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. उठून मेन स्विचच खाली ओढला. मग जिन्यात येऊन, अण्णांची दुपारची हाळी त्यांच्याच चालीत, पण उलटी ओरडले, "दिवे घालवा ओ, दिवे!" वरच्या मजल्यावरून, आज फेरी लवकर आटोपलेली रेहाना पोरांना घेऊन आली, हातात विंझणा आणि कोकम सरबताचा तांब्या. एकेक खिडकी काळी होत गेली. दुपारची बेचाळीस अंशांची धग अजून भिंतींतून निघत होती आणि बारा घरची माणसं सतरंज्या घेऊन पार्किंगमध्ये बसायला उतरत होती.

मल्लिनाथ गोंधळून म्हणाला, "लाईट गेली का?"

"नाही," क्षीरसागर म्हणाले. "आम्हीच काढली."

अण्णा मीटरपुढेच होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. ठिपके एकामागून एक मंद होत होते, काही नुसते मिणमिणत राहिले, क्षीरसागरांचा तर विझलाच. अण्णांनी एकेका मीटरवर बोट ठेवत शेवटपर्यंत बघितलं, मग पुन्हा पहिल्यापासून. आम्ही काळोखात बसून त्यांच्याकडे बघत होतो. मी रडत होते, आणि अंधार असल्यामुळे मला त्याची लाज वाटली नाही.

ते वळले. अक्कांजवळ खाली जमिनीवर बसले आणि रेहानाच्या हातातला विंझणा घेऊन त्यांना वारा घालायला लागले. दीड तास घातला. हात दुखला तर बदलला, पण दुसऱ्या कुणाला दिला नाही. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच डोळे उघडून म्हणाल्या, "आता पुरे करा की. ह्या लोकांनी किती येळ उकडत बसायचं?"

अण्णा उठले आणि वायर काढली.

"अप्पा, अजून थोडं हवं," मल्लिनाथ म्हणाला. "कसंबसं मोहोळपर्यंत पुरेल."

"हळू चालव."

"किती हळू?"

"पुरंल इतकी हळू. माणसं अंधारात बसल्यात माझ्यासाठी."

अक्कांना मागच्या सीटवर बसवलं, अण्णा त्यांच्या शेजारी. खिडकीची काच खाली. गाडी आवाज न करता निघाली, इतकी सावकाश की रेहाना खिडकीवर हात ठेवून कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली. कोपऱ्यावर गाडी वळली, मागचे लाल दिवे दिसेनासे झाले, रेहाना परत आली. तरी आम्ही तसेच उभे होतो. वर जाऊन पहिला दिवा लावायला कुणाचाच हात होईना.